सासरे समोर उभे होते



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २६ ते २८.

दोन्ही सैन्यांत अर्जुनाला आपलीच माणसं दिसतात. आजोबा, गुरू, मामा, भाऊ, मुलं, नातू... आणि त्या यादीत सासरेही आहेत. आपण तो शब्द वाचून पुढे जातो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका घरात मात्र तो खरोखर घडलाय.

लखुजी जाधवराव म्हणजे सिंदखेडचे देशमुख आणि निजामशाहीतले मातब्बर सरदार. घराणं स्वतःला देवगिरीच्या यादवांच्या वंशातलं मानायचं. लेक जिजाऊ शहाजीराजे भोसल्यांना दिलेली. पण दोन्ही घरांत रक्त सांडलं. दरबार सुटताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला आणि त्या गोंधळात जाधव-भोसलेच एकमेकांवर तुटून पडले, असं बखरी सांगतात. लखुजींचा मुलगा दत्ताजी गेला, शहाजीराजांचा चुलत भाऊ संभाजी गेला.

लखुजी निजामशाही सोडून मोगलांना मिळाले होते. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला लढाई झाली, तेव्हा शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढले आणि लखुजी मोगलांच्या बाजूने. जावई इकडे, सासरे तिकडे. जिजाऊंनी कुणासाठी देवाला हात जोडले असतील?

पुढे लखुजी निजामशाहीत परतले. २५ जुलै १६२९ ला दौलताबादच्या किल्ल्यात, भर दरबारात, निजामशहाने त्यांना मारवलं. सोबत अचलोजी आणि राघोजी ही मुलं आणि नातू यशवंतराव. दौलताबाद म्हणजेच जुनी देवगिरी! ज्या यादवांचं नाव हे घराणं सांगायचं, त्यांच्याच गडावर एका दिवसात तीन पिढ्या संपल्या. त्यांची भव्य समाधी आजही सिंदखेडराजाला उभी आहे.

यानंतर शहाजीराजांनी निजामशहाची चाकरी सोडली. भातवडीला ज्यांच्याविरुद्ध लढले, ते शेवटी सासरेच होते. जिजाऊंच्या पोटात तेव्हा शिवबा होते. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर त्यांचा जन्म झाला.

लखुजींना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्या काळी वतन राखायचं तर कुणाची ना कुणाची चाकरी करावीच लागे. पराक्रम त्यांच्याकडे भरपूर होता, पण तो दर वेळी दुसऱ्याच्या गादीसाठी खर्ची पडला. आणि त्या गादीला त्यांच्या जीवाची किंमत नव्हती. जिजाऊंच्या मुलाने हाच प्रश्न वेगळा सोडवला : १६७४ मध्ये रायगडावर स्वतःचं सिंहासन उभं केलं. ते बघायला जिजाऊ हयात होत्या.

अर्जुन अडकतो, कारण दोन्हीकडे आपलेच आहेत. भगवंत त्याला आधी स्वधर्माकडे वळवतात. आपलंही तसंच होतं ना? घरात, नोकरीत, मित्रांत कुणाची बाजू घ्यायची यावर रात्र-रात्र विचार करतो. आज एवढंच करूया : बाजू निवडण्याआधी दोन मिनिटं डोळे मिटून विचारूया, मी हे नेमकं कशासाठी लढतोय?

उद्या पुढचे श्लोक. राम कृष्ण हरी!