सव्यसाची महात्माजी

दोन्ही हातांनी सारख्याच कौशल्याने बाण सोडणाऱ्या अर्जुनास महाभारतात सव्यसाची म्हटले आहे. लेखणीच्या बाबतीत हे नाव महात्मा गांधींना शोभते.

त्यांचा जन्म पोरबंदर येथे २ ऑक्टोबर १८६९ रोजी झाला. बालपणी त्यांनी अक्षराकडे लक्ष दिले नाही; पुढे दक्षिण आफ्रिकेत इतरांची वळणदार अक्षरे पाहून त्यांना स्वतःच्या अक्षराची लाज वाटली. १८८८ साली ते बॅरिस्टर होण्यास विलायतेस गेले आणि १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. तेथील हिंदी लोकांची गाऱ्हाणी लंडनला मांडून १९०९ च्या नोव्हेंबरात ते 'किल्डोनन कॅसल' आगबोटीने परतत असता, दहा दिवसांत त्यांनी 'हिंद स्वराज' लिहून काढले. उजवा हात थकला की ते डाव्या हाताने लिहीत. पुढे १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात उजवा हात दुखू लागला, तेव्हाही त्यांनी डाव्या हाताने पत्रे लिहिली. १९४६ साली गोमंतकाच्या नागरी स्वातंत्र्याची बाजू त्यांनी 'हरिजन' पत्रातून मांडली. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली.

महात्माजींनी दुसरा हात अभ्यासाने कमावला. परंतु मुळात कोणता हात पुढे येतो, हे आपल्या इच्छेवर नसते. गर्भातच बहुतेक बाळे उजवा अंगठा चोखताना दिसतात. जगात दहांपैकी सुमारे एक मनुष्य डावखुरा असतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, सतरा लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात डावखुरेपणाशी संबंधित ४१ आनुवंशिक स्थाने आढळली. प्रत्येकाचा वाटा अल्प. जुळ्यांच्या अभ्यासावरून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे चतुर्थांश ठरतो. म्हणूनच एकाच रूपाच्या जुळ्यांतही एक उजवा व दुसरा डावखुरा असू शकतो, आणि उजव्या आईबापांच्या पोटीही डावखुरे मूल जन्मते. त्यात दोष कोणाचाच नाही.

पेडणे असो वा डिचोली, मुलाने डाव्या हातात पेन्सिल धरली की ती काढून उजव्या हातात देणारी वडीलधारी माणसे आम्हांस ठाऊक आहेत. प्रसाद उजव्या हाताने घ्यावा, हा शिष्टाचार त्यांनी अवश्य शिकवावा. परंतु लेखणीसाठी मुलाच्या बोटांवर छडी मारू नये. महात्माजींनी डावा हात उचलला तो गरजेपोटी आणि स्वेच्छेने. कोणाच्या धाकाने नव्हे. विद्यार्थिमित्रांनो, तुमची लेखणी कोणत्या हातात आहे यापेक्षा ती काय लिहिते, हेच आम्ही पाहू.