डाल्टनला लाल रंग दिसत नव्हता, म्हणून त्याने स्वतःचे डोळे कापून बघायला सांगितलं

शाळेत अणूचा धडा घोकला असेल तर जॉन डाल्टन हे नाव तुम्हाला माहीत असणारच. पण याच डाल्टनला लाखेची लाल कांडी आणि झाडाचं हिरवं पान एकाच रंगाचं दिसायचं, हे पुस्तकात कोणी सांगत नाही.

१७६६ साली उत्तर इंग्लंडमधल्या ईगल्सफिल्ड नावाच्या खेड्यात, एका विणकराच्या घरात त्याचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताचीच. वयाच्या बाराव्या वर्षी पोरगं गावातल्या शाळेत शिकवायला लागलं. हवामानाच्या नोंदी ठेवायचा नाद १७८७ मध्ये लागला, तो मरेपर्यंत सुटला नाही.

इतक्या बारीक नजरेच्या माणसाला पंचविशी उलटली तरी आपल्या नजरेत काही वेगळं आहे याचा पत्ता नव्हता. लोक रंगांच्या नावांचा घोळ घालतात, एवढंच त्याला वाटायचं.

१७९२ च्या शरद ऋतूत मात्र गंमत झाली. जिरेनियमचं गुलाबी फूल त्याला दिवसा आकाशी निळं दिसायचं. तेच फूल एका रात्री मेणबत्तीच्या उजेडात पाहिलं, तर ते लाल! त्याने मित्रांना विचारलं. फूल तर तेच आहे, रंग कुठे बदललाय, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. अपवाद एकच, त्याचा सख्खा भाऊ. त्यालाही डाल्टनसारखंच दिसत होतं. म्हणजे भानगड घराण्यातलीच होती.

पुढे तो मँचेस्टरला गेला आणि १७९४ मध्ये तिथल्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत त्याने यावर निबंध वाचला. रंगांधळेपणाचा एवढा पद्धतशीर अभ्यास तोवर झाला नव्हता. त्याचा अंदाज असा होता, की आपल्या डोळ्यातला जेलीसारखा द्रव निळसर असावा आणि तो लाल प्रकाश गिळून टाकत असावा. थोडक्यात, डोळ्यातच निळी काच बसवलेली!

नंतर अणुसिद्धांताने तो जगभर गाजला. १८३४ मध्ये राजा चौथा विल्यम याच्या भेटीला जायचं ठरलं, तेव्हा त्याने ऑक्सफर्डचा लालभडक झगा चढवला. डाल्टन क्वेकर पंथाचा, या पंथात साधेपणाला फार महत्त्व आणि भडक कपडे वर्ज्य. पण त्याला तो झगा लाल दिसतच नव्हता, त्यामुळे त्याची काहीच अडचण झाली नाही.

पण निळ्या द्रवाचं काय? आपण मेल्यावर डोळे तपासा, असं त्याने सांगून ठेवलं होतं. २७ जुलै १८४४ ला तो गेला आणि जोसेफ रॅन्सम या डॉक्टरने शब्द पाळला. एका डोळ्यातला द्रव काढून पाहिला, तर तो पाण्यासारखा स्वच्छ. दुसऱ्या डोळ्याला मागून भोक पाडून रॅन्समने त्यातून लाल आणि हिरव्या वस्तू पाहिल्या. रंग जसेच्या तसे. पन्नास वर्षं धरून ठेवलेला सिद्धांत खोटा निघाला.

पण डोळे कोणी फेकून दिले नाहीत. १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएची तपासणी झाली आणि खरं कारण सापडलं. पडद्यावरच्या शंकूपेशींमध्ये हिरव्या पट्ट्यातला प्रकाश टिपणारं एक रंगद्रव्य असतं. ते बनवणारं जनुकच डाल्टनकडे नव्हतं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून हा दोष आईकडून मुलांकडे येतो. दोघा भावांचं कोडं इथे सुटलं.

आता खरी गंमत बघा. रंगीत काच डाल्टनच्या डोळ्यात नव्हती, पण रंगांधळ्यांना मदत म्हणून आज तीच बाहेरून बसवतात. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८५५ मध्येच एक लाल आणि एक हिरवी काच असलेला चष्मा सुचवला होता. १९७१ मध्ये एक्स-क्रोम ही लाल कॉन्टॅक्ट लेन्स आली. ती एकाच डोळ्यात घालायची. लाल काचेतून लाल वस्तू उजळ दिसते, हिरवी काळवंडते. दुसरा डोळा उघडाच, त्यामुळे दोन डोळ्यांच्या चित्रांत फरक पडतो आणि मेंदू तो ओळखायला शिकतो.

यात नवं रंगद्रव्य तयार होत नाही. उलट डोळ्यात जाणारा प्रकाश कमी होतो, त्यामुळे रात्री गाडी चालवताना अशी लेन्स अडचणीची ठरते.

डाल्टनने ती घातली असती, तर लाख आणि पान वेगळं आहे हे त्याला कळलं असतं. लाल रंग मात्र तरीही दिसला नसता.