पाण्याचा दाब ओळखणारा अभियंता

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. वडील लवकर वारले. मुलांच्या शिकवण्या करून ते शिकले. १८८३ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले. १८८४ मध्ये सरकारने त्यांना नाशिक येथे सहायक अभियंता नेमले.

लवकरच खानदेशातील दातर्ती येथे पांझरेच्या एका प्रवाहापलीकडे नळाने पाणी नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसामुळे अडथळे येऊ लागले. काम पुढे ढकलावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. पण उलट त्यांनाच समज मिळाली. तेव्हा त्यांनी नेटाने ते काम पुरे केले.

असा नळ प्रवाहाखाली उतरतो आणि पलीकडे वर चढतो. दर १० मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो दाब वाढतो. दाब दुप्पट झाला की नळाची भिंतही साधारण दुप्पट जाड लागते. नळ रुंद असेल तरीही तसेच. धातू ज्या ताणाने तुटतो, त्याच्या बराच खाली सुरक्षित ताण धरतात. भिंत पातळ झाली तर नळ फुटतो; फार जाड झाली तर पैसा वाया जातो. आजच्या स्टेनलेस स्टीलच्या नळालाही हाच नियम लागू आहे.

पुढे विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. १९०८ च्या महापुरानंतर हैदराबादच्या संरक्षणाची योजना आखली. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपण अभियंता दिन म्हणून पाळतो.