डार्विन आणि गवताचा कोंब

डार्विन म्हटलं की आपल्याला माकडापासून माणूस एवढंच आठवतं. मला मात्र हा माणूस आवडतो तो त्याने म्हातारपणी केलेल्या गवताच्या प्रयोगांमुळे.

चार्ल्स डार्विन १८०९ साली इंग्लंडमधल्या श्रूजबरीत जन्मला. वडील डॉक्टर, म्हणून पोरानेही डॉक्टर व्हायचं! एडिंबरोत दोन वर्षं काढून त्याने मेडिकल सोडलं. केंब्रिजची पदवी घेतली, १८३१ ते १८३६ बीगल जहाजावरून जग फिरला आणि १८५९ मध्ये ‘ओरिजिन ऑफ स्पिशीज’ लिहून खळबळ उडवून दिली.

एवढं नाव झाल्यावर दुसरा कुणी स्वस्थ बसला असता. त्यात याची तब्येत कायम तोळामासा. पण सत्तरीला टेकलेला डार्विन केंटमधल्या आपल्या घरात मुलगा फ्रान्सिससोबत कॅनरी गवताचे कोंब वाढवू लागला. प्रश्न साधाच होता. कोंब उजेडाकडे वाकतो, पण उजेड त्याला कळतो कुठे? दोघांनी कोंबांच्या शेंड्यांवर कथिलाच्या वर्खाच्या टोप्या घातल्या. बहुतेक कोंब सरळच राहिले. मग शेंडा उघडा ठेवून खालचा भाग बारीक काळ्या वाळूने झाकला, तर कोंब वाकले! आपल्या भाषेत सांगायचं तर सेन्सर शेंड्यात आणि हालचाल खाली. म्हणजे वरून खाली काहीतरी निरोप जात असणार. १८८० मध्ये हे सगळं पुस्तकरूपाने आलं.

फ्रान्सिस ज्याच्या प्रयोगशाळेत काम करून आला होता, त्या जर्मन शास्त्रज्ञ युलिउस झाक्सनेच बापलेकांचे मुळांवरचे प्रयोग हौशी ठरवून उडवून लावले. १८८२ मध्ये डार्विन गेला. तो निरोप काय होता, हे त्याला कधीच कळलं नाही.

उत्तर मिळालं १९२६ मध्ये, हॉलंडच्या उत्रेख्तमध्ये. फ्रिट्स वेंटने कापलेले शेंडे अगरच्या तुकड्यावर ठेवले. नंतर तो नुसता तुकडा बिनशेंड्याच्या कोंबावर एका कडेला बसवला. कोंब वाकला! निरोप म्हणजे एक रसायन होतं, ऑक्झिन. एका बाजूने उजेड आला की ते सावलीच्या बाजूला जास्त जमतं, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि कोंब उजेडाकडे झुकतो. नर्सरीवाले कलमाला मुळं फुटावीत म्हणून जी पावडर लावतात, तीही याच कुळातली.

लॅबमध्ये इक्विपमेंट नाही म्हणून आपण प्रोजेक्ट पुढे ढकलतो. मित्रांनो, वनस्पतींच्या हार्मोन्सचं अख्खं शास्त्र ज्या प्रश्नातून उगवलं, तो मूठभर वाळू आणि वर्खाच्या टोप्यांवर विचारलेला होता.