राजमाचीच्या वाटेवरचे अप्पा

खंडाळ्याला पाहुणे आले की त्यांना राजमाची पॉइंटवर नेणं हे ठरलेलंच. कठड्याशी उभं राहायचं, भाजलेलं कणीस खायचं, फोटो काढायचे आणि परत फिरायचं. हवा स्वच्छ असली तर दरीपलीकडे दोन शिखरं शेजारी शेजारी दिसतात. उंच ते श्रीवर्धन, ठेंगणं ते मनरंजन. राजमाचीचे हे दोन बालेकिल्ले. आपल्यातल्या कितीजणींनी ते लांबून पाहिलेत आणि कितीजणी तिथे जाऊन आल्यात, हा हिशेब ज्याचा तिने करावा.

नुसतं लांबून बघून परतणं ज्यांना कधी जमलंच नाही, त्या गोपाळ नीलकंठ दांडेकरांची आज आठवण काढायची आहे. वाचकांचे गोनीदा, जवळच्यांचे अप्पा. त्यांचं घर इथून फार लांब नव्हतं. लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने काही स्टेशनं गेलं की तळेगाव. तिथे त्यांनी संसार मांडला आणि सारं मावळ पायाखाली घातलं.

जन्म मात्र वऱ्हाडातला. अमरावती जिल्ह्यातलं परतवाडा, तारीख ८ जुलै १९१६. शाळेत सातवीत असताना, वय अवघं तेरा, हा मुलगा स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी घरातून पळून गेला. आज आपलं पोरगं क्लासहून यायला अर्धा तास उशीर झाला तरी आपण दारात उभ्या राहतो. त्या काळात निरोप नाही, फोन नाही. चरित्रं वाचताना आपण पळून गेलेल्या मुलाच्या मागे धावतो. मागे राहिलेल्या घराचं काय झालं असेल, तिकडे आपलं लक्ष जात नाही.

पुढची वर्षं भटकंतीची. गाडगे महाराजांचा सहवास लाभला, त्यांच्याबरोबर काम केलं. वेदान्ताचा अभ्यास झाला. नर्मदेची परिक्रमा झाली. पायी, अनोळखी घरांच्या ओसरीवर मुक्काम, मिळेल ते खाणं. या फिरण्यातून पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी आली आणि आत्मकथन ‘स्मरणगाथा’ही. ‘स्मरणगाथे’ला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१९४७ च्या सुमारास त्यांनी पूर्णवेळ लेखन धरलं. धरलं म्हणजे त्यावरच घर चालवायचं ठरवलं. नोकरी नाही, पगाराची तारीख नाही. इथे नीराताई, त्यांच्या पत्नी, यांचं नाव घेतलं नाही तर ही गोष्ट अर्धीच राहील. पुस्तक विकलं जाईल तेव्हा पैसे येणार, आणि दूधवाला तर रोज येणार. नवरा चार दिवस गडावर, आठ दिवस गडावर. त्या काळात गडावरून खुशाली कळवायची सोयच नसायची. गोनीदांचे ट्रेकर वाचक या बाजूबद्दल फारसं बोलत नाहीत. आपण बोलायला हवं, कारण हिशेब शेवटी कुणीतरी जमवलाच होता.

आता त्या डोंगरांकडे येऊ. खंडाळा-लोणावळ्याभोवती उभं राहिलं की कुठला निवडावा असा प्रश्न पडतो, इतकी शिखरं आहेत. मळवलीला उतरलं की लोहगड आणि विसापूर. पवनेच्या खोऱ्यात तिकोना आणि तुंग. आंबवण्याच्या बाजूला कोरीगड. खंडाळ्याच्या अगदी माथ्यावर नागफणी. या नागफणीची एक गंमत. आपल्या लोकांना त्यात नागाचा फणा दिसला, साहेबाला आपल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं. त्यामुळे ड्यूक्स नोज हे नाव पडलं आणि अजून चालू आहे.

बहुतेक लोक उंची बघून नाहीतर फोटो बघून डोंगर निवडतात. गोनीदांची निवड वेगळी असावी असं त्यांची पुस्तकं वाचताना वाटतं. त्यांना गडावर माणूस हवा असे. पाण्याचं टाकं, देवीचं ठाणं, माचीवर चार घरं, कुणीतरी म्हातारा, कुणीतरी पोर. एकदा गड आवडला की ते पुन्हा पुन्हा जात. रायगड आणि राजगडावर ते किती वेळा गेले याची मोजदाद नाही. एकाच शिखरावर पुन्हा जाण्यात काय मिळतं, हे माहेरच्या गावी दरवर्षी जाणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

या निवडीतूनच त्यांच्या कादंबऱ्या आल्या. तुंगवरून ‘पवनाकाठचा धोंडी’ आला. गडाच्या हवालदारकीचा मान सांभाळणाऱ्या घराण्यातल्या धोंडीची ही गोष्ट. त्यावर पुढे चित्रपटही निघाला. ती लिहिली गेली तेव्हा पवनेचं धरण झालेलं नव्हतं. आज तुंगावरून जे निळं पाणी दिसतं, त्याच्याखाली तेव्हा शेतं होती, वाड्या होत्या. म्हणून ती कादंबरी मला जास्त मोलाची वाटते. पाण्याखाली गेलेलं खोरं तिच्यात अजून कोरडं आहे. राजगडावरून ‘वाघरू’ आलं. रायगडावरून ‘रानभुली’ आली, तिची नायिका मनी त्या गडाच्या अंगाखांद्यावर वाढलेली. कर्नाळ्याच्या बाजूच्या ठाकरांवरून ‘जैत रे जैत’ आली. मधमाशांचं पोळं असलेला लिंगोबाचा डोंगर सर करायला निघालेला नाग्या आणि त्याची चिंधी, हे आपल्याला १९७७ च्या सिनेमामुळे माहीत आहेत. स्मिता पाटील आणि मोहन आगाशे यांचा, जब्बार पटेलांनी केलेला तो सिनेमा. गाणी आपल्याला तोंडपाठ, पण मूळ कादंबरी फार थोड्या जणींनी वाचलेली असते.

आणि राजमाचीवरून आला ‘माचीवरला बुधा’. म्हातारपणी मुंबईचा कंटाळा आलेला बुधा मुलाचं घर सोडून गावाकडे परततो आणि माचीवर एकटा राहू लागतो. सोबतीला झाडं, पाखरं, जनावरं. कादंबरीत फारसं काही घडत नाही. ऊन येतं, पाऊस येतो, खारीशी मैत्री होते. तरी पुस्तक खाली ठेववत नाही. मुलाकडे शहरात जाऊन राहायचं की आपल्या घरातच शेवटपर्यंत राहायचं, हा प्रश्न आज आपल्या सासू-सासऱ्यांपुढे आहे आणि उद्या आपल्यापुढे येणार आहे. बुधाने उत्तर निवडलं, पण त्याची किंमतही मोजली. गोनीदांनी ती लपवली नाही.

बायकांच्या मनात शिरणं त्यांना चांगलं जमत असे. ‘पडघवली’ ही कोकणातल्या मोडत चाललेल्या गावाची कथा, पण ती सांगते अंबूवहिनी. ‘शितू’ एका विधवा मुलीची. घर सोडून वर्षानुवर्षं फिरलेल्या माणसाला घराच्या आतलं इतकं कसं दिसलं, याचं मला नवल वाटतं. कदाचित अनोळखी ओसऱ्यांवर बसून भाकरी खाल्ल्यामुळे असेल. भाकरी कोण वाढतंय ते त्याने पाहिलं असणार.

लहानपणी घर मागे टाकून निघालेला हा माणूस मोठेपणी घराला बरोबर घेऊन गडावर जाऊ लागला. मुलगी वीणाला त्यांनी किल्ल्यांवर नेलं, पुढे नातींनाही. वीणा देव मराठीच्या प्राध्यापिका झाल्या. त्यांनी आणि त्यांचे पती विजय देव यांनी गोनीदांच्या कादंबऱ्यांच्या अभिवाचनाचे प्रयोग गावोगाव केले. ‘आशक मस्त फकीर’ हे वडिलांचं चरित्रही वीणाताईंनीच लिहिलं. त्या २०२४ मध्ये गेल्या. नात मृणाल कुलकर्णी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पडद्यावर जिजाबाई साकारणारी ही अभिनेत्री आजोबांचं बोट धरून गड चढली होती.

१९८१ साली अकोल्याच्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद गोनीदांना मिळालं. वऱ्हाडातून पळून गेलेला पोरगा वऱ्हाडातच अध्यक्ष म्हणून परतला. शिवकाळावर पाच कादंबऱ्या, किल्ल्यांवर ‘दुर्गदर्शन’, ‘दुर्गभ्रमणगाथा’, शिवाय गडांची त्यांनी काढलेली छायाचित्रं, असं त्यांचं काम मोठं आहे. १ जून १९९८ ला ते पुण्यात गेले.

त्यांच्या नावाने आता कुणाला निघायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. पहिल्यांदाच जाणारीने लोहगड घ्यावा. पायऱ्या आहेत, एकामागून एक चार दरवाजे आहेत, विंचूकाट्यापर्यंत जाऊन आरामात परत येता येतं. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत लोहगडही आहे. तिकोन्याच्या शेवटच्या पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर विचार करून. तुंगाची वाट अरुंद, पावसात नकोच. विसापूरच्या पठारावर धुकं उतरलं की वाट सापडत नाही, माहीतगार बरोबर हवा.

आणि राजमाची. लोणावळ्याहून तुंगार्लीच्या बाजूने पंधरा-सोळा किलोमीटरची वाट, लांब पण फार चढाची नाही. दिवाळीनंतर थंडीत निघावं, पहाटे. वर उधेवाडी हे छोटं गाव लागतं, तिथून दोन्ही बालेकिल्ल्यांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ. तिथून डावीउजवीकडे श्रीवर्धन आणि मनरंजन. दोन्ही एका दिवसात होत नसतील तर उधेवाडीत मुक्काम करता येतो. गावातल्या घरांमधून पिठलं-भाकरी मिळते, चुलीवरची. जेवून झाल्यावर वाढणारीशी दोन शब्द बोलत बसावं, घाई करू नये.