विश्लेषण : .३२, .३८० की .४५? पिस्तुलाच्या गोळीचा आकार ठरवणारे जॉन ब्राउनिंग कोण होते?

जवळ बाळगायच्या पिस्तुलाची गोळी केवढी असावी, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. या वादात ज्या आकड्यांची नावे घेतली जातात, त्यातले .२५, .३२, .३८० आणि .४५ हे चारही जॉन मोझेस ब्राउनिंग या एकाच अमेरिकी कारागिराने रूढ केले. मात्र यातली सर्वोत्तम गोळी कोणती, याचे एकच उत्तर त्यांच्या कामातून मिळत नाही. असे का?

सुरुवात कशी झाली?

ब्राउनिंग यांचा जन्म १८५५ मध्ये युटातल्या ऑग्डेन गावात झाला. वडील जोनाथन बंदुका घडवत आणि दुरुस्त करत. त्याच दुकानात जॉन लहानपणापासून हत्यारे हाताळायला शिकले. १८७९ मध्ये त्यांना एकबारी रायफलीचे पहिले पेटंट मिळाले. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने तिचे हक्क आठ हजार डॉलरना विकत घेतले. पुढे जवळपास दोन दशके ब्राउनिंग रचना करत आणि विंचेस्टर एकरकमी पैसे मोजून ती घेत असे. १९०२ मध्ये हे संबंध तुटले. स्वयंचलित शॉटगनसाठी ब्राउनिंग यांना विक्रीवर मानधन हवे होते. विंचेस्टरने नकार दिला आणि ती बंदूक बेल्जियममधल्या एफएन कंपनीकडे गेली. त्यांचे पिस्तूल एफएन आधीपासूनच बनवत होती.

आकडा नेमका काय सांगतो?

.३२ किंवा .४५ हा गोळीचा ढोबळ व्यास असतो, तोही इंचात. .४५ म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर. .३२च्या गोळीचा प्रत्यक्ष व्यास थोडा कमी असतो. युरोपात तिला ७.६५ म्हणतात. खरा फरक वजनात आहे. .३२ची गोळी साधारण साडेचार ग्रॅमची, तर .४५ची जवळपास १५ ग्रॅमची. वेग दोन्हींचा फार वेगळा नसतो. त्यामुळे जड गोळीचा आघात मोठा, पण हाताला बसणारा धक्काही मोठा.

खिशातल्या पिस्तुलाला छोटी गोळी का?

याचे उत्तर यंत्रात आहे. गोळी सुटताना वायूचा दाब जसा पुढे, तसाच मागेही येतो. काडतूस लहान असेल तर पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाचे, म्हणजे स्लाइडचे वजन आणि एक स्प्रिंग एवढ्यावर तो दाब पेलता येतो. नळी जागेवर पक्की बसवता येते, सुटे भाग कमी लागतात आणि पिस्तूल चपटे, हलके होते. याच तत्त्वावर ब्राउनिंग यांनी .३२चे पिस्तूल बनवले. त्यानंतर सहा गोळ्यांचे, .२५चे, अर्धा किलोपेक्षाही हलके पिस्तूल आले. १९०८ मध्ये कोल्ट कंपनीने त्यांचे .३८० बाजारात आणले. .३२च्या पिस्तुलात आठ गोळ्या मावत, तर त्याच आकाराच्या .३८०मध्ये सात. गोळी वाढली की संख्या घटते, ही तडजोड तेव्हापासूनची आहे.

मग .४५ कशासाठी?

फिलिपिन्समधल्या लढायांत .३८च्या रिव्हॉल्व्हरने जखमी झालेला हल्लेखोर थांबत नाही, अशा तक्रारी अमेरिकी सैन्यातून आल्या. १९०४ मध्ये शिकागोत झालेल्या चाचण्यांनंतर लष्करी पिस्तूल .४५पेक्षा लहान नसावे, अशी शिफारस झाली. एवढ्या मोठ्या काडतुसाला फक्त स्प्रिंग पुरत नाही. म्हणून ब्राउनिंग यांनी नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून राहतील आणि दाब उतरल्यावर सुटतील, अशी रचना केली. १९११च्या अंतिम चाचणीत या पिस्तुलाने सहा हजार गोळ्या विनाअडथळा झाडल्या आणि अमेरिकी लष्कराने ते स्वीकारले. वजन मात्र एक किलोच्या वर गेले. कंबरेला लावणाऱ्या सैनिकाला ते चालते, कोटाच्या खिशात ते मावत नाही.

लहान गोळी म्हणजे कमी घातक?

इतिहासाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपने आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांची पत्नी सोफी यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या ब्राउनिंग यांच्याच रचनेच्या एफएन पिस्तुलातून. काडतूस होते .३८०. दोघेही दगावले आणि पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली, तेव्हा वापरलेले बेरेटा पिस्तूल इटालियन बनावटीचे होते. त्यातले ‘९ मिमी शॉर्ट’ काडतूस म्हणजे मात्र हेच .३८०. तक्त्यात दुबळी ठरणारी गोळी जवळून, वर्मी लागली तर तितकीच जीवघेणी असते.

भारताशी संबंध काय?

ब्राउनिंग आयुष्याच्या अखेरीस ९ मिमीच्या, जास्त गोळ्या मावणाऱ्या पिस्तुलावर काम करत होते. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएजमधल्या एफएनच्या कारखान्यातच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर १२८ पेटंट जमा होती. हे अपुरे काम बेल्जियमच्या ड्यूडोने सेव्ह यांनी पूर्ण केले आणि १९३५ मध्ये ‘हाय पॉवर’ पिस्तूल आले. भारतीय लष्करासाठी पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेले ९ मिमी पिस्तूल याच वंशातले.

सामान्य भारतीय परवानाधारकाला मात्र ९ मिमी निवडता येत नाही. कायद्याने ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. त्यामुळे सरकारी कारखान्यांनी नागरिकांसाठी .३२ची पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर बनवली. आकडा एकच असला तरी या दोन्हींची काडतुसे वेगळी असतात. पिस्तुलातले काडतूस ब्राउनिंग यांचे, रिव्हॉल्व्हरमधले त्यापेक्षा लांब. एकाचे दुसऱ्यासाठी नसते.

ब्राउनिंग यांच्या कामाचा अर्थ यातच आहे. शस्त्र कोण, कुठे आणि किती वेळ बाळगणार, यावरून त्यांनी गोळी ठरवली. त्यातली एकही निरुपद्रवी नव्हती.