हेमिंग्वेची हरवलेली पेटी

माझा भाचा फ्लोरिडात असतो. समुद्रात मासे धरायला फ्लाय रॉड घ्यायचा आहे, आठ नंबरचा घ्यावा की बारा, हे त्याने फोनवर विचारले कुणाला, तर लातूरच्या मामाला! २०१६ साली ज्या गावाला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आले, तिथल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला समुद्राचे काय कळणार? पण मामाने हेमिंग्वे वाचला आहे, हे त्याला ठाऊक.

फ्लाय म्हणजे गळावर पिसे बांधून केलेली खोटी माशी. तिला वजन नसते, ते असते दोरीला. म्हणून आधी मासा पाहून दोरी ठरवायची, मग त्याच नंबरचा रॉड. ओढ्यातल्या ट्राउटला पाच नंबर पुरतो. समुद्रावर वारा असतो, मासाही दांडगा. बोनफिशला आठ, टार्पनला अकरा-बारा. घरी आल्यावर सगळे गोड्या पाण्याने धुवायचे, नाहीतर खार धातू खातो. (आमच्याकडे त्या वर्षी हे परवडले नसते.)

अर्नेस्ट हेमिंग्वे १८९९ साली शिकागोजवळ ओक पार्कला जन्मला. वडील डॉक्टर. मिशिगनमधल्या तळ्याकाठच्या उन्हाळी घरी त्यांनीच पोराला मासेमारी शिकवली. १९१८ साली इटलीच्या आघाडीवर पाय जखमी करून घेतलेला हा तरुण परतला तो पुन्हा मिशिगनच्या नद्यांवरच. १९२८ साली तो की वेस्टला, समुद्राकाठी राहायला आला. त्याच वर्षाअखेरीस वडिलांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली.

समुद्राने त्याच्या हातातले हत्यार बदलले. १९३४ साली त्याने अडतीस फुटी ‘पिलार’ बोट घेतली आणि मार्लिन, टुनामागे लागला. तिथे नाजूक फ्लाय रॉडचे काम नव्हते. जाड रॉड, मोठे रीळ, अंगाला पट्टे. पण ट्राउटची जुनी हत्यारे त्याने जपली होती. १९४० साली त्यांनी भरलेली पेटी आयडाहोला रेल्वेने जाताना हरवली. ती गेली, आणि मोठ्या मुलाच्या सांगण्यानुसार ट्राउटचा नादही जवळजवळ गेला. मला हे पटते. बँकेत तीस वर्षे काढली. माणसे पैशाची तूट सोसतात, बापाच्या आठवणीतल्या वस्तूची नाही.

१९५२ साली त्याचा म्हातारा कोळी सांतियागो आला. त्याच्याकडे रॉडच नाही! दोरी थेट तळहातात, कातडी सोलेपर्यंत. पु. ल. देशपांड्यांनी केलेला त्याचा अनुवाद, ‘एका कोळियाने’, मी नांदेडला बदलीवर असताना गोदावरीच्या घाटावर वाचला. समोर एक भोई असाच हाताने दोर सोडून बसला होता. मासा किती मोठा, हे त्याला बोटांवरून कळत होते. मी पान उलटायचे विसरलो.

१९५४ चे नोबेल मिळाले, शरीर मात्र ढासळत गेले. जुलै १९६१ मध्ये आयडाहोतल्या केचमच्या घरी त्याने वडिलांचाच मार्ग धरला. घराखालून बिग वुड नदी वाहते. ट्राउटची नदी.

पेटीबाहेर राहिलेला एक रॉड वाचला. इंग्लंडच्या हार्डीचा, बांबूच्या पट्ट्या जोडून केलेला. तो पुढे अमेरिकेतल्या फ्लाय फिशिंगच्या संग्रहालयात गेला.

भाच्याला मी आठ नंबर सांगितला. टार्पन पुढच्या वर्षी.